फुलबागेत भाषण करण्याआधी

ग्वाल्हेरच्या सर्व विद्यार्थी व युवक संघटनांच्या कार्यकर्त्यांना,

सप्रेम नमस्कार.

जून जवळ आला. १८ तारखेला फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी तुम्ही सगळेच याल. कुणाच्या हाती लाल झेंडा असेल, कुणाच्या भगवा, कुणाच्या निळा. घोषणा वेगवेगळ्या असतील, पण भाषणाचा साचा बहुधा एकच असतो. आधी राणी, मग तलवार, मग पाठीशी बांधलेले मूल, आणि शेवटी 'आज पुन्हा तीच वेळ आली आहे'. (मूल पाठीशी बांधल्याचे चित्र झाशीहून निघतानाच्या रात्रीचे आहे. फुलबागेच्या लढाईला ते चिकटवू नका.)

जुन्या उठावाची आठवण काढायला आमची हरकत नाही. आजवरच्या बहुतेक जहाल चळवळींनी ती काढलेली आहे. आमचे म्हणणे एवढेच, की तुम्ही आठवणीतली तलवार उचलता आणि हिशेबाची वही तिथेच टाकून येता. आम्ही लश्कर-मुरारच्या गल्ल्यांत आणि जुन्या कागदांत याच विषयावर काम करणारी माणसे आहोत. ती वही या पत्रातून तुमच्यापुढे ठेवत आहोत.

सुरुवात घरापासून करू.

१ जून १८५८. काल्पी हातची गेलेली, नानासाहेब पेशव्यांचे पुतणे रावसाहेब, तात्या टोपे आणि राणी ग्वाल्हेरच्या दारात. जयाजीराव शिंदे तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचे. दिवाण दिनकरराव राजवाडे घाई करू नका म्हणत होते, तरी महाराज मुरारच्या पुढे बहादुरपूरपाशी लढायला निघाले. त्यांच्या फौजेचा मोठा भाग जागच्या जागी बंडवाल्यांना मिळाला. महाराज धोलपूरमार्गे आग्र्याला गेले. लश्कर शहर, खजिना, तोफखाना आणि किल्ला जवळजवळ फुकट हाती आले. मुंबई-आग्रा रस्ता आणि तारेची ओळ ग्वाल्हेरवरूनच जात होती, त्यामुळे इंग्रजांच्या पोटात गोळा आला तो उगीच नव्हे.

पुढे काय झाले? ३ जूनला फुलबागेत दरबार भरला. रावसाहेब पेशव्यांचे प्रतिनिधी म्हणून गादीवर बसले. नेमणुका झाल्या, मानाची वस्त्रे वाटली, तोफांची सलामी झाली, फौजेला पगार आणि इनाम मिळाले, ब्राह्मणभोजने उठली. ६ जूनला इंग्रज सेनापती ह्यू रोज काल्पीहून निघाला. निरोपाचा हुकूम काढून हा माणूस रजेवर जाणार होता, ग्वाल्हेरची बातमी ऐकून परत फिरला. जूनच्या उन्हात त्याची पलटण रात्री चालायची आणि दिवसा पडून राहायची. १६ जूनला तो बहादुरपुरास पोचला आणि त्याच दिवशी मुरारची छावणी घेतली. १७ जूनला शिपरीकडून, म्हणजे आजच्या शिवपुरीकडून आलेला स्मिथ कोटा की सरायपाशी भिडला. तिथल्या लढाईत राणी पडल्या. १९ ला शहर गेले, २० ला किल्ला. २२ जूनला जौरा-अलीपूरपाशी नेपियरने तात्यांच्या उरलेल्या फौजेच्या पंचवीस तोफा काढून घेतल्या.

१ ते १६ जून हे पंधरा दिवस नीट मोजा. मुरारची बाजू बांधायला, पूर्वेच्या टेकड्यांवर तोफा चढवायला, दक्षिणेत उतरायची वाट मोकळी ठेवायला एवढे दिवस पुरले असते. पाऊस तोंडावर होता. आणखी काही आठवडे काढले असते तर नद्यांनी ह्यू रोजची वाट अडवली असती. ते दिवस गेले कुठे? आमच्या मते ते एका आठवणीत गेले. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, म्हणजे चाळीसच वर्षे झाली होती. शनिवारवाड्याचा थाट पाहिलेली माणसे अजून हयात होती. दरबार भरला, जरीपटका वर चढला, की राज्य परत आलेच असे वाटायला एवढे पुरेसे होते. उठाव करणारे स्वतःच जुन्या दिवसांच्या नादात अडकले, आणि ते ग्वाल्हेरात, याच बागेत. या जागी उभे राहून 'इतिहास पुन्हा घडवू' म्हणणाऱ्याला एवढे ठाऊक असलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट त्या दरबारात सुटली. पेशवाईची आठवण कुणाला हाक मारत होती? मराठे सरदारांना आणि ब्राह्मणांना. पण लढणारी मोठी संख्या होती ग्वाल्हेर कंटिंजंटच्या शिपायांची. १८४३ च्या डिसेंबरात महाराजपूर आणि पनिहारच्या लढाया हरल्यावर शिंद्यांवर तह लादला गेला, त्यातून १८४४ मध्ये ही फौज उभी राहिली. पैसा शिंद्यांचा, अधिकारी इंग्रज, शिपाई बहुतेक अवधचे पुरबिये. त्यांच्या घरच्या आठवणींत पुण्याला काय जागा असणार? आणि मराठी मुलखातही पेशवाईची आठवण एकच नाही. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर कोरेगाव भीमाच्या स्तंभापाशी गेले ते त्याच पेशवाईच्या फौजेशी झालेल्या १८१८ च्या लढाईची आठवण घेऊन. तिथे पेशवाई म्हणजे गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू. त्यानंतर अडीच-पावणेतीन महिन्यांत, २० मार्चला, महाडचे चवदार तळे झाले. एकाच राज्याच्या आठवणीतून एकीकडे दरबार निघाला, दुसरीकडे सत्याग्रह. तेव्हा भाषणात 'आपला इतिहास' हा शब्द आला की समोर बसलेल्यांपैकी कोण मनातल्या मनात उठून चालला आहे, ते पाहत जा.

आता थोडे बाहेर जाऊ.

पॅरिसचे कम्यून, म्हणजे तिथल्या कामगारांचे बंडखोर सरकार, १८ मार्च ते २८ मे १८७१, म्हणजे ७२ दिवस टिकले. पेर लाशेज दफनभूमीतल्या ज्या भिंतीपाशी शेवटच्या लढवय्यांना गोळ्या घातल्या, तिथे १८८० पासून लोक दर मे महिन्यात जाऊ लागले. भिंत, तारीख, लाल फूल असे सगळे साहित्य तयार होते. पण रशियातल्या बोल्शेविकांनी भिंतीबरोबर खतावणीही उघडली. कम्यूनने दोन मोठ्या चुका केल्या, असे तिथे मांडलेले होते. एक, फ्रेंच सरकार जिथे पळाले होते त्या व्हर्सायवर पहिल्याच आठवड्यात चाल केली नाही. ३ एप्रिलला निघाले तोवर शत्रू सावरला होता. दुसरी, बँक ऑफ फ्रान्स हाताशी असून तिला हात लावला नाही. कर्ज मागणाऱ्यासारखे थोडे थोडे पैसे नेले, आणि त्याच बँकेतून व्हर्सायच्या सरकारला कितीतरी पट अधिक रक्कम मिळत राहिली. म्हणून १९१७ मध्ये पेट्रोग्राडला उठावाच्या सकाळीच सरकारी बँकेवर खलाशी उभे होते, आणि डिसेंबरात खासगी बँकाही ताब्यात घेतल्या.

ग्वाल्हेरशी जुळवून पाहा. इकडे खजिना हाती आला आणि उधळला, तिकडे हाताशी होता आणि घेतला नाही. दोन्हीकडे पैसा कशाला हवा हे आधी ठरलेले नव्हते.

पण पराभवाचा हिशेब वाचणारा शहाणाच निघतो असे समजू नका. कम्यून 'फार उदार' होते, ही तिसरी चूक त्याच वहीत लिहिली गेली, आणि १९१७ च्या डिसेंबरातच चेका ही गुप्त पोलीस यंत्रणा स्थापन झाली. मार्च १९२१ मध्ये क्रोनस्टाटच्या नाविक तळावरच्या खलाशांनी सोव्हिएतांच्या खऱ्या निवडणुका मागितल्या तेव्हा त्यांचा उठाव लाल फौजेने मोडून काढला. तो मोडला १८ मार्चला, म्हणजे कम्यूनच्या पन्नासाव्या वाढदिवशी. एकीकडे सभांत कम्यूनचे गुणगान चालू होते आणि दुसरीकडे बर्फावरून प्रेते उचलली जात होती. ज्यांना आठवणीचा गुरव व्हायचे आहे त्यांनी ही तारीख पाठ करावी.

आता आपल्याकडचे सर्वांत महागात पडलेले उदाहरण. परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांनी सॅन फ्रान्सिस्कोतून १ नोव्हेंबर १९१३ रोजी काढलेल्या पत्राचे नावच 'गदर', म्हणजे बंड. इंग्रज ज्या शब्दाने १८५७ ला हिणवत तोच शब्द त्यांनी ध्वजासारखा उचलला. नावात केवढी ताकद असते, हे त्यांच्याकडून शिकावे. छावण्यांतले शिपाई उठवायचे, हा आराखडाही १८५७ चाच. दिवस ठरला २१ फेब्रुवारी १९१५. बातमी फुटल्याचा वास येताच तो १९ वर आणला, पण फितूर आतच बसलेला होता. लाहोर, फिरोजपूर सगळीकडे आधीच पहारे बदलले गेले. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे तरीही मेरठला गेले. मेरठच का? १० मे १८५७ मुळे. २३ मार्चला घोडदळाच्या छावणीत ते बाँबसह पकडले गेले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी गेले.

धैर्यात काही उणे नव्हते. चूक आराखड्यात होती. ज्या फौजेची आठवण ते काढत होते ती फौजच उरली नव्हती. १८५७ नंतर पील आयोगाने बंगालच्या फौजेत दोन हिंदी शिपायांमागे एक गोरा, आणि मद्रास-मुंबईत तिनामागे एक असे प्रमाण सुचवले. तोफखाना जवळजवळ पूर्ण गोऱ्यांकडे गेला. एका गावाचे, एका जातीचे शिपाई एकत्र येऊन कुजबुजू नयेत म्हणून पलटणींची रचना बदलली. रेल्वे आणि तारा कितीतरी पट वाढल्या. ग्वाल्हेरचा किल्ला तर इंग्रजांनी १८८६ पर्यंत स्वतःच्या पलटणीखाली ठेवला, मग झाशी घेऊन तो शिंद्यांना परत दिला.

हा या पत्रातला आमचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. उठाव फक्त उठणाऱ्यांच्याच लक्षात राहत नाही, तो दाबणाऱ्यांच्याही लक्षात राहतो, आणि त्यांची स्मृती कारकुनी असते. तीत गाणी नसतात, तक्ते असतात. १९०७ च्या मे महिन्यात पंजाबात असंतोष वाढला तेव्हा सरकारला भीती होती १८५७ च्या पन्नासाव्या वर्षाची. ९ मे रोजी लाला लजपतराय यांना उचलून मंडालेला पाठवले. १० मे १९०८ ला लंडनच्या इंडिया हाउसमध्ये हिंदी विद्यार्थ्यांनी १८५७ चा दिन साजरा केला, आणि सावरकरांच्या त्या विषयावरच्या पुस्तकावर ते छापून बाहेर पडण्याआधीच बंदी आली. तुम्ही कोणत्या तारखेला कुठे जमणार हे तुमच्या आधी पोलीस ठाण्याच्या डायरीत लिहिलेले असते. यात गुपित काही नाही, शंभर-दीडशे वर्षांची वहिवाट आहे.

न्यायालयातही स्मृती पुरावा होते. १८९७ च्या जूनमध्ये पुण्याच्या शिवोत्सवात अफझलखानाच्या वधावर भाषणे झाली, त्यांचा वृत्तांत 'केसरी'त आला, २२ जूनला चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. टिळकांचा त्या खुनाशी संबंध दाखवता आला नाही. मग त्यांच्यावर खटला भरला तो शिवाजी महाराजांवरच्या मजकुरावरून, आणि सप्टेंबरात १८ महिन्यांची शिक्षा झाली. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या प्रसंगावर केलेले भाषण आजच्या सरकारविषयी आहे, असे न्यायालयाने मानले. वक्त्यालाही तेच अभिप्रेत असते, हेही खरे.

शिवरायांचे नाव आपल्या बाजूलाही आले. औरैयाचे शिक्षक गेंदालाल दीक्षित यांनी टिळकांच्या शिवोत्सवावरून 'शिवाजी समिती' काढली आणि चंबळच्या बीहडांतल्या बागींना हाताशी धरले. गनिमी काव्याची आठवण ठीक, पण मावळ्यांना शिधा पुरवणारी खोरी आणि गड कुठून आणणार? टोळीचे खाणे दुसऱ्याच्या चुलीवर शिजे, आणि फितुरी तिथूनच आली. दीक्षितांना याच ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कोंडले होते. किल्ल्यावर फिरायला जाता तेव्हा मानमंदिराची निळी बदके पाहता, हेही आठवा.

बंगालमधली १९७० ची गोष्ट डाव्या मित्रांसाठी. २५ मे १९६७ च्या नक्षलबारीनंतरच्या तरुणांनी कोलकात्यात पुतळे फोडले, विद्यासागरांच्या पुतळ्याचे शिर उडवले. समर्थन असे, की १८५७ च्या शिपायांच्या आणि शेतकऱ्यांच्या उठावांत ही थोर मंडळी कोणत्या बाजूला होती? प्रश्न चुकीचा नव्हता. पण ज्या मध्यमवर्गीय घरांतून हे तरुण आले, त्याच घरांत बाळबोधीसारखे विद्यासागरांचे पुस्तक होते. आणि जवळचा धडा, म्हणजे १९४६ ते ५१ च्या तेलंगणात जमीन कशी वाटली, निजाम गेल्यावर भारतीय फौज आली तेव्हा दले का विस्कटली, तो सोडून चीनचा नकाशा पुढे ठेवला गेला. दूरच्या विजयापेक्षा जवळचा पराभव वाचावा. तो कमी दिपवतो आणि जास्त सांगतो.

स्मृती चांगली वापरल्याचेही उदाहरण हवे. सुभाषबाबूंनी १९४३ मध्ये 'चलो दिल्ली' ही घोषणा घेतली, स्त्रियांच्या पलटणीला झाशीच्या राणीचे नाव दिले, रंगूनला बहादूरशहा जफरच्या कबरीवर गेले. मेरठचे शिपाई दिल्लीला गेले तेव्हा म्हातारा बादशहा गादीवर होता, म्हणून ती कबर. रणांगणावर हे पुरले नाही. १९४४ च्या इंफाळ मोहिमेत जपानी फौजेजवळ जेमतेम तीन आठवड्यांचा शिधा होता आणि मग पावसाळा आला. पुन्हा शिधा, पुन्हा पाऊस. पण नोव्हेंबर १९४५ मध्ये इंग्रजांनीच घोडचूक केली. १८५८ मध्ये जिथे बहादूरशहावर खटला चालवला त्याच लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेच्या सहगल, शाहनवाज आणि धिल्लन या तिघांना उभे केले. एक हिंदू, एक मुसलमान, एक शीख. जागेने जे काम केले ते शंभर भाषणांनी झाले नसते. गुरबक्षसिंग धिल्लन पुढे शिवपुरीजवळ हातोदला राहिले, २००६ मध्ये तिथेच वारले. त्याच शिवपुरीत १८ एप्रिल १८५९ ला तात्या टोपे फाशी गेले होते. ग्वाल्हेरहून बसने जाता येते.

आता १८ जूनच्या कामाचे.

तारीख. इंग्रजी कागदांत राणींचा मृत्यू १७ जूनचा आहे, आपल्याकडे १८ पाळतात, तिथी ज्येष्ठ शुद्ध सप्तमी. फलकावर १८ लिहा, पण कुणी १७ म्हटले तर त्याला देशद्रोही ठरवू नका.

आकडे. गंगादासांच्या बड्या शाळेची, म्हणजे साधूंच्या मठाची, परंपरा ७४५ साधू लढताना पडले असे सांगते. भाषणात सांगायचे तर 'शाळेची परंपरा सांगते' हे तीन शब्द गाळू नका. सराफ्यात ज्यांना फाशी दिल्याचे सांगतात त्या शिंद्यांच्या खजिनदार अमरचंद बांठियांबद्दलही तसेच. परंपरेला परंपरा म्हटल्याने ती लहान होत नाही. खोटे ठरलेला एक आकडा मात्र उरलेले खरे दहाही घेऊन बुडतो.

साधने. मराठी वाचणाऱ्यांकडे वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे प्रवासवर्णन आहे. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून निघालेला हा भटजी बंडात सापडला. त्याने लिहिले ते बऱ्याच वर्षांनी, आणि १९०७ ची पहिली छापील आवृत्ती संपादकाने हात फिरवलेली आहे. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती नंतर दत्तो वामन पोतदारांनी काढली, ती घ्या. तारखा इंग्रजी कागदांतून ताडून पाहा, बाजारभाव आणि माणसांचे बोलणे गोडसे भटजींकडून घ्या.

शिंद्यांचा प्रश्न. शाळेत पाठ केलेल्या सुभद्राकुमारी चौहानांच्या त्या हिंदी कवितेत त्यांच्यावर एक ओळ आहे, आणि या शहरात ती म्हणताना आवाज खाली येतो किंवा मुद्दाम वर जातो. दोन्ही नको. महाराज इंग्रजांकडे राहिले, त्यांची फौज राहिली नाही. ही दोन वाक्ये एकापाठोपाठ, सारख्याच आवाजात म्हणा.

आणि ज्यांची नावे नाहीत त्यांचे काय? ग्वाल्हेर कंटिंजंट १४ जून १८५७ च्या रविवारी रात्री मुरारला उठली. पुढे तात्यांच्या हाताखाली तिने नोव्हेंबरच्या अखेरीस कानपूरजवळ इंग्रज सेनापती विंडहॅमला मागे रेटले, ६ डिसेंबरला तिथेच मार खाल्ला. सुमारे आठ हजारांची फौज. शहरात तिच्या नावाची सभा होत नाही, कारण घोड्यावर बसवायला एक चेहरा सापडत नाही. शिपाई परगावचे होते, त्यांच्या घरचे कुणी इथे नाही. जहाल चळवळ सामान्यांच्या नावाने चालते असे तुम्ही सगळेच म्हणता, म्हणून हे तुमच्यापुढे ठेवतो.

यंदा १४ जूनला मुरारला या. मंडप नको, ध्वनिक्षेपक नको. छावणीची जुनी हद्द, बहादुरपूरची दिशा, तिथून कोटा की सराय आणि फुलबाग असा नकाशा आम्ही आणू. लाल, भगवे, निळे सगळे चालतील. फक्त सकाळी सहाला निघू. दहानंतर त्या उघड्या रस्त्यावर उभे राहवत नाही, आणि पाण्याची बाटली प्रत्येकाने आपली आणायची.

आपले,
लश्कर व मुरार येथील काही इतिहास-अभ्यासक